सोलापुरात हॅमस्टर पाळायचा विचार आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की हॅमस्टरबद्दलचे निरोप वाढतात. बरेचसे आई-बाबांचे, काही कॉलेजच्या पोरांचे, आणि पुष्कळ "कालच आणलाय, आता काय करू" अशा घाईतले. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. अजून आणला नसेल तर निदान चौथा आणि पाचवा प्रश्न वाचा, मग दुकानात जा.

१. हॅमस्टर म्हणजे पांढरा उंदीरच ना?

कुरतडणाऱ्या प्राण्यांतलाच, उंदराचा लांबचा भाऊबंद, पण प्राणी वेगळा. अंग गुबगुबीत, शेपूट नावापुरती, आणि दोन्ही गालांच्या आत पिशव्या. त्यांत दाणे कोंबून तो बिळात नेऊन साठवतो. लांब शेपटीचा पांढरा प्राणी कुणी "हॅमस्टर" म्हणून दाखवला तर तो उंदीर आहे, पैसे देऊ नका.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. मोठा सोनेरी म्हणजे सीरियन, आणि अंगठ्याएवढे बुटके, ज्यांना दुकानात ड्वार्फ किंवा रोबो म्हणतात. सीरियनचं मूळ गाव उत्तर सीरिया आणि त्याला लागून असलेला तुर्कस्तानचा भाग. १९३० साली इस्रायल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सीरियन त्याच पिल्लांचे वंशज. बुटके आले ते सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तानकडून, म्हणजे थंडीतून.

२. कायद्याने चालतो का? पोलीस-फॉरेस्टवाले काही करणार नाहीत ना?

हॅमस्टर पाळायला मनाई नाही. नियम दुकानदाराला आहेत: २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी आहे का हे बिनधास्त विचारा. प्रश्न ऐकून दुकानदाराचा चेहरा बदलला तर तेही एक उत्तरच.

३. किती वर्षं जगतो?

सीरियन दोन ते अडीच वर्षं, फार नशीब असेल तर तीन. बुटके दीड-दोन. आज पाचवीत असलेली मुलगी सातवीत जाईपर्यंत तो म्हातारा होऊन गेलेलाही असेल. ही गोष्ट मुलांना आणायच्या आधीच सांगावी, नंतर सांगणं जड जातं.

४. सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल का?

खरा प्रश्न हा. बाकीचे सगळे याच्यानंतर.

हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश मानवतं. सत्तावीस-अठ्ठावीसला तो अस्वस्थ होतो आणि तिशीच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कुणी मान वर करूनही पाहत नाही. "पण तो वाळवंटाकडचा आहे ना?" असं बरेच जण विचारतात. रानातला हॅमस्टर भर उन्हाच्या वेळी जमिनीखाली खोल बिळात असतो, तिथे वरचं ऊन पोचतच नाही. ऊन उतरल्यावर तो बाहेर पडतो. पिंजऱ्यातल्याला खाली जायला जमीनच नाही.

पंख्याचा त्याला उपयोग नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे गरम खोलीतला पंखा त्याच्या अंगावर गरम हवाच फेकतो. कूलर कोरड्या हवेत बऱ्यापैकी काम करतो, आणि मार्च-एप्रिलची सोलापूरची हवा कोरडी असते. पण वळीव पडून दमटपणा आला की तोच कूलर नुसती ओल वाढवतो. शिवाय कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको.

घराची परीक्षा घ्यायची असेल तर एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि जिथे पिंजरा ठेवणार त्याच कोपऱ्यात, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर, एप्रिलमध्ये आठवडाभर ठेवा. दुपारी चारला बघा आणि रात्री दहालाही बघा. वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत बसतो, आणि बाहेर वारा सुटला तरी खोली थंड होत नाही. पत्र्याच्या घरात तर हा प्रयोग करायचीही गरज नाही. जाड दगडी किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींच्या जुन्या वाड्यात तळमजल्याची आतली खोली असेल तर आशा आहे.

आकडा २७-२८ च्या खाली राहत नसेल आणि त्या खोलीत ए.सी. नसेल, तर माझं उत्तर "आणू नका" असंच आहे. शहाबादी फरशीचा तुकडा पिंजऱ्यात ठेवणं (तो त्यावर पोट टेकून पसरतो), मातीचं छोटं मडकं आडवं करून देणं, गोठवलेली पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवणं, खिडकीला वाळ्याचा पडदा लावणं, हे सगळं चांगलं आहे. पण हे लाइट गेल्यावरचे तास-दोन तास भागवायचे उपाय आहेत. यावर अख्खा मे महिना निघत नाही.

उष्माघात झालाय हे ओळखायचं कसं? तो आडवा पसरतो, श्वास भराभर चालतो, तोंडाभोवती लाळेने ओलं होतं, अंग लुळं पडतं किंवा थरथरतं. लगेच थंड खोलीत न्या, साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यावर ठेवा, कान आणि पाय ओले करा, शुद्धीत असेल तर ओठाला पाण्याचा थेंब लावा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच जातो.

५. मुलाला मोबाइलपासून सोडवायचंय. शाळेतून आला की खेळेल हॅमस्टरशी. बरं ना?

मुलगा शाळेतून येतो तेव्हा हॅमस्टर गाढ झोपलेला असतो. तो उठतो दिवेलागणीनंतर, आणि खरा रंगात येतो घर झोपल्यावर. झोपेतून उपसून काढला की चावतो, यात त्याचा काही दोष नाही. शिवाय तो मांडीवर बसून लाड करून घेणारा प्राणी नव्हे. हातात घेतला तरी दोन मिनिटांत त्याला पुढे कुठेतरी जायचंच असतं. टेबलाच्या कडेचा त्याला अंदाज येत नाही आणि एवढ्याशा उंचीवरून पडूनही पाय मोडतो.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊच नये. दहा-अकरा वर्षांचं शांत, निरीक्षण करायची आवड असलेलं मूल असेल आणि पिंजऱ्याची जबाबदारी मोठ्या माणसाने मनापासून स्वीकारली असेल तर मजा आहे. रात्री साडेनऊला दिवे मंद करून समोर बसा. गालात इतके दाणे भरून निघतो की डोकं अंगापेक्षा रुंद दिसतं, मग कोपऱ्यात जाऊन पुढच्या दोन्ही पायांनी गाल मागून पुढे दाबत एकेक दाणा बाहेर काढतो. ते बघत बसणारी मुलं असतात. दोन दिवसांत कंटाळणारीही असतात, आणि आपलं कुठलं हे आई-बापाला माहीत असतं.

एका खोलीत सगळे झोपत असाल तर चाकाचा आवाज धरून चाला. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर विचार पुढे ढकला. मला विचाराल तर हॅमस्टरला सगळ्यात शोभणारा मालक म्हणजे यंत्रमागावर रात्रपाळी करून आल्यावर तासभर झोप न येणारा माणूस. दोघांचं वेळापत्रक जुळतं.

६. कोणत्या महिन्यात आणावा?

मार्चमध्ये नको, आणि नेमके सगळे त्याच सुमारास आणतात. मार्चमध्ये महिन्याभराचं पिल्लू आणलं तर नव्या घराला सरावायच्या आधीच पहिला उन्हाळा अंगावर येतो, आणि पूर्ण आयुष्य जगलं तर तिसराही बघावा लागतो. पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत आणलं तर सहसा दोनच उन्हाळे येतात, आणि पहिला येईपर्यंत तो धडधाकट असतो. दिवाळीच्या तोंडावरही आणू नका. फटाक्यांनी हादरलेलं नवं पिल्लू खाणं सोडतं.

७. खर्च किती येतो?

प्राणी काही शे रुपयांत मिळतो आणि तिथेच फसायला होतं. नीट पिंजरा आणि चाक यांना त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. खाणं नगण्य. खरा खर्च विजेचा. दीड टनाचा ए.सी. तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत चालवला तर महिन्याला ३०० ते ४५० युनिटं झाली, आणि महावितरणच्या बिलात युनिटं वाढली की पुढच्या स्लॅबचा दरही चढा लागतो. घरात कुणासाठी तरी ए.सी. चालूच असेल तर पिंजरा त्या खोलीत ठेवा, वेगळा खर्च नाही. फक्त त्याच्यासाठी चालवणार असाल तर आधी घरात ज्याच्या नावावर बिल येतं त्याच्याशी बोला.

८. दुकानदाराने रंगीत पिंजरा, चाक, नळ्या असा सेट दिला. पुरेल ना?

नाही पुरणार. ते पिंजरे दीड-दोन फुटांचे असतात. मोकळी सलग जमीन निदान १०० बाय ५० सेंटीमीटर हवी. मजले मोजायचे नाहीत, तळ मोजायचा. चाक सीरियनला २८ ते ३० सेंटीमीटर व्यासाचं, बुटक्याला २० चं, आणि धावपट्टी सलग हवी. गजांचं चाक असलं की त्यात पाय अडकतो. सेटमधल्या छोट्या चाकात पळताना पाठ कमानीसारखी वाकते. रात्री काही किलोमीटर पळणाऱ्या जनावराला ते बाधतं.

स्वस्तात भागवायचं तर मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी घ्या, झाकण कापून बारीक जाळी बसवा. जुना माशांचा टँक चालतो, पण काचेच्या पेटीत हवा कोंडते, उन्हाळ्यात ते महागात जातं. गजांचा पिंजरा असेल तर बुटक्यासाठी गजांमधलं अंतर एका सेंटीमीटरहून कमी पाहिजे. आत बसवून घरभर फिरवायचा प्लॅस्टिकचा पारदर्शक चेंडू घेऊ नका. हवा कमी, पाय फटीत, आणि आतल्याला थांबायची सोय नाही.

९. आमचा माग आहे. सूत, चादरीच्या चिंध्या भरपूर पडलेल्या असतात. अंथरायला घालू का?

शहराच्या पूर्वेच्या, यंत्रमागांच्या भागातून हा प्रश्न ठरलेला, आणि विचार सरळ आहे: मऊ आहे, फुकट आहे. तरी नको. सुताचा धागा पायाला गुंडाळतो, तो ओढत राहतो, धागा आवळत जातो आणि रक्त थांबून बोट, कधी अख्खा पाय काळा पडतो. टॉवेलचे सुटे धागे गालाच्या पिशवीत अडकतात, गिळले तर आतड्यात. कापूस आणि दुकानातलं "मऊ घरटं" म्हणून मिळणारं पिंजलेलं लोकरीसारखं सामान, दोन्ही याच कारणाने बाद.

सुताराकडचा भुसाही नको. त्यात प्लायवुडचा गोंद असतो, आणि देवदार-चिरसारख्या लाकडाचा उग्र वास त्याच्या फुप्फुसांना बाधतो. कागदाचं तयार बेडिंग किंवा ॲस्पन नावाच्या झाडाचा भुसा घ्या, आणि घरट्यासाठी बिनवासाचा टिश्यू फाडून द्या. थर २०-२५ सेंटीमीटर जाड हवा, कारण त्याला बोगदे खणायचे असतात. दर आठवड्याला सगळं उपसू नका. तो एकाच कोपऱ्यात मुततो, तेवढं काढा. स्वतःचा वास पूर्ण गेला की तो बिथरतो.

१०. एकटा कंटाळेल ना? जोडी आणू का?

सीरियन एकटाच राहणारा. वयात आल्यावर दोन सीरियन एका पिंजऱ्यात ठेवले की मारामारी होते, आणि ती बहुतेकदा रात्री आपण झोपेत असताना होते. सकाळी एक मेलेला सापडतो. भाऊ-भाऊ, बहिणी-बहिणी, काही उपयोग नाही. दुकानात दहा-बारा एकत्र दिसतात कारण ती पिल्लं असतात. बुटक्यांच्या काही जाती लहानपणापासून एकत्र राहू शकतात, पण कधी बिनसेल सांगता येत नाही. एका पिंजऱ्यात एकच. नर-मादीच्या जोडीचं काय होतं ते अठराव्या प्रश्नात आहे.

११. खायला काय घालायचं? घरातलं चालेल?

आपल्या जिल्ह्यात तो उपाशी मरणार नाही. ज्वारी, बाजरी, राळा, भगर, ओट्स, थोडी जवस, करडईचे चार दाणे. सूर्यफुलाच्या बिया त्याला फार आवडतात म्हणून कमीच द्या, लठ्ठ होतो. सीरियनला दिवसाला १० ते १२ ग्रॅम मिश्रण पुरे, बुटक्याला त्याच्या निम्मं. वाटी रिकामी दिसली म्हणून परत भरू नका. खाल्लेलं नसतं, साठवलेलं असतं. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला कडक काहीतरी लागतं. मीठ नसलेल्या कडक भाकरीचा छोटा तुकडा अधूनमधून उत्तम.

भाज्यांत काकडी, गाजर, कोथिंबीर, नखाएवढा तुकडा. सीरियनला कधीतरी डाळिंबाचा एखादा दाणा चालेल. बुटक्यांना मधुमेह पटकन होतो, त्यांना फळं नकोतच.

कांदा, लसूण, लिंबू-मोसंबी, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, चॉकलेट बंद. फरसाण आणि शेंगाचटणी बंद. चटणीत लसूण, मीठ, तिखट तिन्ही आहेत, "नुसतं बोटाला लावून" सुद्धा नको. गूळ आणि चिक्की गालाच्या पिशवीत चिकटून बसते.

पाण्याबद्दल एक गोष्ट. बाटलीच्या नळीतला लोखंडी गोळा आपल्या बोअरच्या क्षाराने जाम होतो. बाटली भरलेली दिसते आणि थेंबही येत नाही. रोज बोट लावून बघा, आठवड्याला व्हिनेगरने धुवा, आणि प्यायचं गाळलेलंच पाणी भरा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा साठवणीतलं शिळं पाणी त्याच्या वाट्याला जाऊ देऊ नका.

१२. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. मग प्रथिनं?

रानात तो किडे खातो, हे खरं. पण घरी मोड आलेले मूग-मटकी, बिनमिठाच्या पनीरचा मुगाएवढा तुकडा, भोपळ्याच्या बिया आणि जवस यांवर भागतं. रोज थोडं, एकाच दिवशी ढीग नको. पिल्लंवाल्या मादीला हे प्रमाण वाढवा.

१३. आजी म्हणते घरात उंदीर पाळायचा नाही. तिला कसं समजावू?

गणपतीच्या वाहनाचा दाखला देऊन आजीला गप्प करणारे नातू आहेत, पण तो वाद जिंकून फायदा नाही. दिवसभर घरात आजीच असते. लाइट गेल्यावर बाटली पंच्यात गुंडाळणारी तीच. तिची मनापासून तयारी नसेल तर आणू नका.

तिच्या शंका मात्र रास्त आहेत. वास? पिंजरा ऐसपैस असेल आणि मुताचा कोपरा साफ होत असेल तर फार नाही. मादीला दर चार दिवसांनी थोडा उग्र वास येतो, तो आजार नव्हे. मुंग्या येतात. पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू जवळपासही ओढू नका, ते कीटकनाशक आहे. धान्यावर बाहेरचे उंदीर येऊ शकतात, म्हणून खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि पिंजरा देवघराजवळ नको. उदबत्ती-धुपाचा धूर त्याला सोसत नाही, तसाच मच्छर अगरबत्तीचाही.

१४. घरात गरोदर बाई आहे. आणि लहान बाळ. चालेल?

आत्ता नको. हॅमस्टरमधून क्वचित एक विषाणू येतो, एल.सी.एम.व्ही., जो मोठ्या माणसाला साध्या तापासारखा जातो पण पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतो. साल्मोनेला हे जुलाब करणारे जंतूही असू शकतात. आधीपासून घरात असेल तर गरोदर बाईने पिंजरा साफ करू नये, पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवावा आणि डॉक्टरांना सांगावं. केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रत्यारोपण झालेलं माणूस घरात असेल तरीही हेच. दमेकऱ्यांनी आणायच्या आधी कुणाच्या तरी हॅमस्टरजवळ दोन-तीनदा तासभर बसून पाहावं.

१५. चावला. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल?

वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, मग डॉक्टरकडे. हॅमस्टरसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांपासून माणसाला रेबीज झाल्याची उदाहरणं जवळजवळ नाहीत, त्यामुळे बहुतेकदा धनुर्वाताच्या इंजेक्शनवर भागतं. मात्र त्याला अलीकडे मांजर-कुत्रा चावलेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. निर्णय त्यांचा.

१६. सोलापुरात हॅमस्टर बघणारा डॉक्टर मिळतो का?

आणायच्या आधी शोधा. आपल्याकडच्या पशुवैद्यांचा हात गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांवर बसलेला. दोन-तीन दवाखान्यांत फोन करून सरळ विचारा: "हॅमस्टर बघता का?" होकार मिळाला तर नंबर लिहून ठेवा. नाही मिळाला तर पुढचा पर्याय पुण्याचा, म्हणजे अडीचशे किलोमीटर, आणि आजारी हॅमस्टरकडे तेवढा वेळ नसतो. कोवळ्या पिल्लांना होणाऱ्या एका जुलाबात शेपटीकडचा भाग ओला आणि घाण वासाचा होतो, पिल्लू पाठ वाकवून बसतं आणि दोन-तीन दिवसांत मरतं. "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका.

घरातलं उरलेलं अँटिबायोटिक पाजू नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यानेच तो जातो. कुणी सवयीने लिहून दिलं तरी "हे हॅमस्टरला चालतं ना?" एवढं विचाराच.

सीरियनच्या कमरेवर दोन्ही बाजूंना काळसर ठिपके दिसतात. त्या वासाच्या ग्रंथी आहेत. गोचीड समजून उपटू नका.

१७. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात, आषाढीला आम्ही पंढरपूरला जातो. तेव्हा काय?

एक रात्र दोन बाटल्या आणि पुरेसं खाणं ठेवून भागतं, पण उन्हाळ्यात तेही नाही. त्यापुढे शेजारच्या कुणीतरी रोज संध्याकाळी डोकवायला हवं. बरोबर न्यायचाच असेल तर छोट्या हवेशीर डब्यात, त्याचंच अंथरूण घालून, पाण्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवून, आणि प्रवास पहाटे. भर दुपारी मोटरसायकलच्या टाकीवर पिंजरा ठेवून नेणारे दिसतात. तसं नेण्यापेक्षा घरीच ठेवलेला बरा. पाहुण्यांच्या पोरांना पिंजरा उघडू देऊ नका, मग पाहुणे कितीही जवळचे असोत.

१८. एकच मादी आणली होती. पंधरा दिवसांत आठ पिल्लं! हे कसं?

दुकानात नर-मादी एकत्र असतात, चार-पाच आठवड्यांत ती वयात येतात आणि सीरियनचा गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा. तुम्ही गाभण मादीच आणली होती.

आता दोन आठवडे पिंजऱ्याला हात लावू नका. साफसफाई नाही, पिल्लांना स्पर्श नाही, फोटोसाठी घरटं उघडणं नाही. घाबरलेली आई पिल्लं खाते. खाणं-पाणी हलकेच ठेवा, प्रथिनं वाढवा. तीन आठवड्यांनी पिल्लं अंगावरचं दूध सोडतात, आणि चौथा आठवडा संपायच्या आत नर आणि मादी वेगळे केलेच पाहिजेत, नाहीतर भाऊ-बहिणींचीच पुढची वीण सुरू होते. प्रत्येकाला घर शोधा.

१९. सकाळी बघितलं तर मेल्यासारखा पडलाय. पुरायचा का?

थांबा. ऋतू कोणता ते बघा. डिसेंबर-जानेवारीची थंड रात्र असेल, किंवा ए.सी. फार खाली ठेवला असेल, तर तो गुंगीत गेलेला असू शकतो. अंग गार, श्वास इतका मंद की मिनिटभर टक लावल्याशिवाय दिसत नाही. हातांच्या ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या, खोली उबदार करा. तासाभरात मिशा हलल्या तर तो जिवंत आहे. शुद्धीवर आला की खाणं-पाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. अंग ताठ झालं असेल तर मात्र गेला.

उन्हाळ्यात असा पडला असेल तर ऊब देऊ नका. चौथ्या प्रश्नातले उपाय करा.

२०. जमत नाहीये. सिद्धेश्वर तलावाजवळच्या झाडीत सोडून दिला तर?

तो इथला प्राणी नाही. पहिल्या रात्री मांजर, नाहीतर दुसऱ्या दिवशी घार किंवा ऊन. उपाशी-तहानेला मरेल अशा रीतीने प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. ओळखीत घर शोधा, दुकानदार परत घेतो का विचारा, पिंजरा-चाकासकट फुकट द्या. हॅमस्टरपेक्षा पिंजऱ्यासाठी लोक लवकर तयार होतात, म्हणून घेणाऱ्याचीही चौथ्या-पाचव्या प्रश्नांवर उलटतपासणी घ्या.

२१. बरं, हॅमस्टर नको. मग पोरांसाठी दुसरं काय?

पोपट नाही, तारा कासव नाही. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, कुणी गुपचूप विकत असला तरी. ससा आणि गिनीपिगलाही आपला उन्हाळा जाचतो, आणि गिनीपिग एकटा ठेवता येत नाही. बजरीगर, ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो, ते ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले. ऊन बरं सोसतात, दिवसा जागे असतात, पण जोडीने ठेवावे लागतात आणि कलकल करतात. दारात येणारं गावठी मांजर दत्तक घेतलंत तर या मातीतच वाढलेलं असतं, आणि मुलाला खरोखर मांडीवर घेता येतं. मात्र त्या घरात मग हॅमस्टर आणायचा नाही.

२२. पहिला गेला. तोच पिंजरा वापरून लगेच दुसरा आणू का?

म्हातारपणाने गेला असेल तर सगळं अंथरूण फेका, पिंजरा गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन उन्हात वाळवा, आणि आणा. जुलाबाने किंवा कारण न कळता गेला असेल तर लाकडी सामान टाकून द्या, बाकीचं जंतुनाशकाने धुवा आणि निदान महिनाभर थांबा. मधे मार्च लागत असेल तर जूनपर्यंत थांबा.